टंगस्टनचा रॉड आणि लायसन्सचा फोटो

गोव्यात परवान्याचं पिस्तूल बाळगणारे तसे थोडेच. सत्तरी-सांग्याकडे बऱ्याच घरांत बंदूक सापडेल, पण ती शेती संरक्षणाची, एकनळी, रानडुकरांनी कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, धुमाकूळ घालू नये म्हणून ठेवलेली. ज्या थोड्यांकडे पिस्तूल आहे त्यांच्या मोबाइलवर सध्या एक जाहिरात फिरते आहे: ‘टंगस्टन गाइड रॉड किट, झटका निम्म्यावर’. त्या जाहिरातीच्या मागे काय चालतं ते मला साडेअठरा हजार रुपये मोजून कळलं. आणखी कुणी मोजू नयेत म्हणून हे लिहितो आहे. आणि ज्यांच्याकडे पिस्तूलच नाही त्यांनीही पुढचं वाचावं, कारण खरा डाव पिस्तुलाचा नव्हताच.

आमच्याकडचं पिस्तूल .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या व्यासाचं माप), जुनं इटालियन, काकांच्या पश्चात वारसाने माझ्या परवान्यावर चढलेलं. एरवी कपाटात कुलूपबंद, निवडणूक आली की आचारसंहितेत पोलीस ठाण्यात जमा. अधूनमधून रेंजवर चार गोळ्या मारायच्या एवढाच त्याचा वापर. साठीनंतर उजव्या मनगटाने कुरकुर सुरू केली, तेव्हा झटका कमी कसा होईल हे मोबाइलवर शोधायला लागलो, आणि मोबाइलला तेवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी जाहिरात समोर.

गाइड रॉड म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. गोळी सुटली की पिस्तुलाची वरची स्लाइड मागे जाते, रिकामं काडतूस बाहेर फेकते आणि स्प्रिंग तिला परत पुढे आणते. ही स्प्रिंग दबताना वाकू नये म्हणून तिच्या पोटातून एक दांडी जाते. तीच गाइड रॉड. तिचं मुख्य काम स्प्रिंगला सरळ ठेवणं, बस. काही पिस्तुलांत स्प्रिंग बॅरललाच गुंडाळलेली असते, तिथे ही दांडी नसतेच. आमच्या पिस्तुलात ती बॅरलखाली आहे, म्हणून मी गिऱ्हाईक ठरलो.

विकणाऱ्याचं म्हणणं असं की ही दांडी टंगस्टनची, म्हणजे जड धातूची केली की पिस्तुलाच्या तोंडाकडे वजन वाढतं आणि तोंड वर उसळत नाही. यात खोटं काही नाही. परदेशात स्पर्धेत उतरणारे नेमबाज असे रॉड बसवतात. पण किती फरक पडतो? .३२ ची गोळी साधारण ४.६ ग्रॅमची, सुटते सेकंदाला पावणेतीनशे मीटरच्या आसपास वेगाने. तिने पुढे नेलेला संवेग पिस्तुलाला मागे सोसावाच लागतो, दांडी कसलीही घाला. पिस्तूल सातशे ग्रॅमचं. पोलादी दांडी नऊ-साडेनऊ ग्रॅमची असते, त्याच मापाची टंगस्टनची फार तर तेवीस. म्हणजे सातशेवर तेरा-चौदा ग्रॅम वाढले, दोन टक्के. झटका खरोखर निम्मा करायचा तर सातशे ग्रॅमचं पिस्तूल चौदाशे ग्रॅमचं करावं लागेल, मग ते उचलतानाच मनगट जाईल.

व्हिडिओत मात्र फरक डोळ्यांना दिसत होता. ‘आधी’ म्हणून जो माणूस गोळी झाडतो तो एका हाताने, कोपर सैल सोडून झाडतो. ‘नंतर’चा दोन्ही हातांनी, खांदे पुढे घेऊन. शिवाय त्यातलं पिस्तूल ९ मिमीचं, जे बोअर आपल्याकडे सामान्य नागरिकाच्या परवान्यावर मिळतच नाही. चित्रण कुठल्या तरी परदेशी रेंजवरचं होतं, वरून हिंदी आवाज चढवलेला.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवावी. जी वस्तू केवळ वजनासाठी विकली जाते, तिचं वजन जाहिरातीत कुठेच नव्हतं. रंग होता, लांबी होती, ‘एरोस्पेस ग्रेड’ होतं. ग्रॅम नव्हते.

व्हॉट्सॲपवर बोलणारा अदबशीर होता. दर वाक्याला ‘सर’. दुकान उत्तरेकडच्या एका राज्यात असल्याचं त्याने सांगितलं. फिटिंग बरोबर यावं म्हणून पिस्तुलाचे दोन्ही बाजूंचे फोटो मागितले. मग म्हणाला, ‘सर, आम्ही फक्त परवानाधारकांनाच माल देतो. लायसन्सचं पहिलं पान पाठवा, नाहीतर ऑर्डर घेता येत नाही.’ हे वाक्य ऐकून संशय वाढायच्या ऐवजी निवतो. माणूस नियमाने चालणारा दिसतो, असंच कुणालाही वाटेल. याच वाक्यासाठी बाकीचं सगळं दुकान मांडलेलं होतं. पैसे यूपीआयने, दुकानाच्या नावावर नाही, एका बाईच्या नावावर. ‘अकाउंट्स मॅडम बघतात.’

पार्सल आलं तेव्हा डब्यावर लिहिलं होतं: शिलाई मशीनचे सुटे भाग. आत फोममध्ये रॉड, एक नवी स्प्रिंग आणि छापील स्टिकर. बिल नाही.

परवानाधारक विक्रेत्याकडे एक मिस्त्री बसतात, त्यांच्याकडे पिस्तूल नेहमी साफसफाईला जातं. त्यांच्यापुढे डबा ठेवला. त्यांनी हात पुढे केला नाही. ‘बिल?’ मी नाही म्हटलं. ‘मग हे मी हातात घेणार नाही, भाऊ. बोर्डावर माझा नंबर आहे, रजिस्टर आहे. उद्या तपासणीला कोण आला तर ही दांडी आली कुठून म्हणून काय लिहू?’ मग डबा काचेवर तसाच ठेवून वाकून बघत म्हणाले, ‘आणि ही स्प्रिंग कडक दिसते. कडक स्प्रिंग घातली की स्लाइड पुरती मागे जात नाही, खोका, म्हणजे रिकामं काडतूस, अर्ध्यात अडकतो. झटका कमी वाटेल, कारण पिस्तूल दुसरी गोळीच मारणार नाही.’ मिस्त्री हसले, मला हसू आलं नाही.

रॉडला लोहचुंबक चिकटत होतं. विक्रेत्याला विचारलं तर त्याचं उत्तर तयार: टंगस्टनच्या मिश्रधातूत थोडं लोह आणि निकेल असतं, म्हणून चिकटतं. हेही खोटं नाही, अशा मिश्रधातू असतात. त्यामुळे चुंबकाने निकाल लागत नाही. निकाल लावला तो आमच्या शेटनी.

म्हापशाच्या बाजारात आमचे तीन पिढ्यांचे सोनार आहेत. त्यांना टंगस्टन म्हटल्याबरोबर डोळे बारीक झाले. का ते त्यांनीच सांगितलं. सोन्याची घनता १९.३, टंगस्टनचीही जवळपास तितकीच. म्हणून सोन्याच्या बिस्किटात भेसळ करणारा आत टंगस्टन भरतो, ती पाण्यात तोलूनही सहजी पकडता येत नाही. ‘आमच्या धंद्याचा वैरी तो. आणा, बघू तुमचा कसला आहे.’

आधी रॉड मिलीच्या काट्यावर ठेवला: ९.४२ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून काटा शून्यावर आणला, रॉड दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवला, तळाला टेकू दिला नाही. काटा १.२० वर थांबला. रॉडने जेवढं पाणी सारलं तेवढं ते वजन, म्हणजे आकारमान १.२० घन सेंटिमीटर. भागाकार त्यांनी पावतीच्या पाठीवर केला: ७.८५. ‘लोखंड,’ शेट म्हणाले. ‘साधं पोलाद. वर काळसर मुलामा दिला आहे. टंगस्टन असतं तर एवढ्याच दांडीला वीसच्या वर भरलं असतं.’ पैसे विचारले तर म्हणाले, चहा पाजा.

कुणाला घरी करून बघायचं असेल तर दागिन्यांचा छोटा डिजिटल काटा पुरतो. टंगस्टनचा म्हणून घेतलेल्या रॉडची घनता सतराच्या खाली आली की विषय संपला.

इथवर ही गोष्ट नेहमीची आहे, चांगल्याच्या नावावर हलकं खपवलं. मी विक्रेत्याला पावतीचा फोटो पाठवून पैसे परत मागितले, पोलिसांत जाईन असंही लिहिलं. निळ्या खुणा झाल्या, उत्तर नाही.

दोन रात्री गेल्या आणि व्हिडिओ कॉल आला. खाकी कपडे, मागे तिरंगा, टेबलावर फायली. मुंबई कस्टम्समधून बोलतो म्हणाला. माझ्या नावाने परदेशातून शस्त्राचा भाग आल्याची नोंद आहे, शस्त्र कायद्याचं कलम २५ लागतं, अटक होईल, परवाना रद्द होईल, पिस्तूल जप्त होईल. कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही. बासष्ट हजार रुपये ‘तडजोड शुल्क’ भरलं तर प्रकरण खात्यातच मिटेल. त्याने माझा परवाना क्रमांक वाचून दाखवला, पत्ताही वाचला.

पत्त्यापाशीच तो अडकला. आमच्या वाड्याचं नाव परवान्यावर पूर्वीपासून एक अक्षर चुकून पडलेलं आहे. आधार, वीजबिल, बँक, सगळीकडे बरोबर. चूक फक्त त्या एका पानावर. खाकीतला माणूस तेच चुकीचं नाव वाचत होता. आणि त्या पानाचा फोटो मी आयुष्यात एकाच माणसाला पाठवला होता.

तेवढ्यात मंडळी चहा घेऊन आत आली आणि तिने सरळ फोनच पालथा घातला. तिला आमची बातचीत ऐकू गेली होती. ‘कस्टम्सवाला रात्री साडेनऊला लाच मागायला व्हिडिओवर येतो होय?’

पुतण्या पणजीत वकिली करतो. तो रात्रीच आला. त्याने मला दाखवलेल्या गोष्टी अशा. पार्सल देशातल्या देशात कुरिअरने आलेलं, त्यावर कस्टम्सचा काही संबंध नाही. सीमाशुल्क खात्याच्या पत्रावर डीआयएन म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक असतो, तो खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो. त्या कॉलबरोबर मला आलेल्या ‘नोटिशी’वर नुसता शिक्का होता. त्या नोटिशीत फसवणुकीसाठी आयपीसी ४२० लावलं होतं, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते, तिथे फसवणुकीचं कलम ३१८ आहे. ‘काका, खरा अधिकारी असता तर एवढं तरी नवं पाठ केलं असतं.’ व्हिडिओवर कुणाला अटक करून ठेवायची, ज्याला हे लोक डिजिटल अरेस्ट म्हणतात, तशी तरतूद कुठल्याच कायद्यात नाही.

पण एका बाबतीत त्याने मला धीर दिला नाही. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या व्याख्येत शस्त्रांबरोबर त्यांचे भागही येतात, आणि ते विकायला, दुरुस्त करायला परवाना लागतो. स्प्रिंगची दांडी त्या व्याख्येत किती बसते यावर वकील वाद घालतील, पण तो वाद स्वतःच्या खटल्यात घालायची हौस कुणाला असते? विक्रेत्याला हे नेमकं माहीत आहे. चाळीस हजारांचा मोबाइल खोटा निघाला तर माणूस तासाभरात ठाण्यात जाईल. इथे तो रॉड कपाटात लपवतो आणि गप्प बसतो. त्यावर त्यांचा धंदा उभा आहे. रॉड साध्या लोखंडाचा असला तरी चालतो, कारण त्याबदल्यात त्यांना हवा असतो परवान्याचा फोटो, पत्ता आणि घाबरलेला माणूस. ज्याने ‘पोलिसांत जाईन’ लिहिलं त्यालाच खाकीतला माणूस फोन करतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही रॉड, डबा, कुरिअरची चिठ्ठी, सगळे चॅट घेऊन स्वतःच ठाण्यात गेलो. ज्या हवालदारांकडे निवडणुकीत पिस्तूल जमा करतो त्यांनीच चिठ्ठी करून आत पाठवलं. रॉड पंचनामा करून जमा झाला. पिस्तुलाला तो कधी बसवलाच नव्हता, याचा मिस्त्रींचा जबाब कामी आला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवली. पहिले पैसे मात्र गेले. ते खातं तोवर रिकामं झालं होतं. १९३० चा उपयोग पैसे गेल्याबरोबर, पहिल्या काही तासांत, ते पुढच्या खात्यात पळायच्या आत. जिल्हाधिकारी कार्यालयात परवाना शाखेलाही लेखी कळवलं, कारण अमुक घरात पिस्तूल आहे आणि तिथे साठीचं जोडपं राहतं, हे आता अनोळखी लोकांना पत्त्यासकट ठाऊक आहे. याची भीती मला साडेअठरा हजारांपेक्षा मोठी वाटते. कपाट बदललं, कुलूप बदललं, अंगणात कॅमेरा बसवला.

ठाण्यातून बाहेर पडताना एका अधिकाऱ्याने विचारलं की असे आणखी कोण आहेत का तुमच्या ओळखीचे. मी रेंजवरच्या दोघातिघांना सहज विचारून पाहिलं. एकाने विषय बदलला. दुसरा म्हणाला, ‘माझा रॉड चांगला आहे’, आणि वजन करू या म्हटलं तर त्याला घाई होती. तिसऱ्याने मात्र खाकीवाल्याला पैसे दिले होते, घरी न सांगता. तो आता तक्रार देतो आहे.

मनगटाचं म्हणाल तर रेंजवरच्या प्रशिक्षकाने पकड बघितली, डाव्या हाताचा तळवा मुठीवर नीट बसवायला लावला आणि मुठीवर रबराची जाड पट्टी चढवायला सांगितली. फिजिओथेरपिस्टने रबरबँडचा व्यायाम दिला. त्रास बराच उतरला आहे.

ते खातं बंद झालं, असं पुतण्याने सांगितलं होतं. काल रेंजवरच्या एकाने स्क्रीनशॉट पाठवला. दुकानाचं नाव नवं आहे, फोटो तोच: जांभळ्या मखमलीवर काळसर रॉड, शेजारी पोलादी पट्टी, तिचा उजवा कोपरा तुटलेला. किंमत एकवीस हजार झाली आहे. वजन अजूनही लिहिलेलं नाही. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, ‘परवाना असेल तरच संपर्क साधावा.’