बँक स्टेटमेंट अडलं, ई-आधार निघून गेलं: डीएलपी वापरल्याचे नऊ महिने

आमचं ऑफिस नागपूरच्या धरमपेठेत. इन्कम टॅक्स, जीएसटी, आणि बुटीबोरी-हिंगण्याच्या काही कारखान्यांची पगारपत्रकं. माणसं ३१, संगणक २७, आणि त्या सगळ्या संगणकांची काळजी माझ्याकडे. मागच्या जूनपासून आम्ही क्लाउडवरून चालणारं डीएलपी (डेटा लॉस प्रिव्हेन्शन, म्हणजे माहिती बाहेर जाऊ नये म्हणून पहारा देणारं सॉफ्टवेअर) वापरतोय. कोणी ब्राउझरमधून फाईल बाहेर चढवायला गेलं की ही व्यवस्था फाईलच्या आत काय आहे ते वाचते, ती कुठे चालली आहे ते बघते, आणि जाऊ द्यायची की अडवायची ते ठरवते. मायक्रोसॉफ्ट परव्ह्यू आणि गूगलचं क्रोम एंटरप्राइझ प्रीमियम ही यातली ओळखीची नावं. आम्ही कोणतं घेतलं ते लिहीत नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते नियम कसे लिहावेत याबद्दल आहे.

सुरुवात एका प्रश्नाने झाली. बुटीबोरीच्या एका कारखान्याच्या एचआर मॅडमनी मे महिन्यात विचारलं, "आमच्या कामगारांचे आधार, पॅन, बँक खाते तुमच्याकडून पुढे कुठे कुठे जातात?" प्रश्न रास्त होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती सांभाळण्यात कुचराई झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, आणि काम बाहेर दिलं तरी जबाबदारी मूळ कंपनीचीच राहते. माझ्याकडे उत्तर नव्हतं. एवढी वर्षं मी अँटिव्हायरस आणि बॅकअप सांभाळले. फाईल बाहेर कुठे जाते ते कधी पाहिलंच नव्हतं.

पहिले तीन आठवडे काहीही अडवलं नाही, फक्त नोंद ठेवली. हे तीन आठवडे कोणीही टाळू नयेत. माझा अंदाज होता की फायली स्वतःच्या जीमेलवर किंवा पेनड्राइव्हवर जात असतील. नोंदीत निघालं भलतंच. पगारपत्रकं, फॉर्म १६, भागीदारीची कागदपत्रं, सगळं पीडीएफची साईझ कमी करून देणाऱ्या फुकट वेबसाइटवर चढत होतं. कारण साधं आहे. सरकारी पोर्टलला साईझची मर्यादा, आपल्या स्कॅनरची फाईल त्याहून मोठी, मग पोरं गूगलवर शोधतात आणि पहिली जी साइट येते तिच्यावर टाकून मोकळी होतात. त्यात चोरीचा विचार कोणाच्याच मनात नव्हता. काम वेळेत उरकायचं होतं, एवढंच.

म्हणून अडवण्याच्या आधी प्रत्येक संगणकावर इंटरनेटशिवाय पीडीएफ लहान करणारं आणि जोडणारं सॉफ्टवेअर टाकलं. एका शनिवारी सगळ्यांना बसवून दाखवलं. त्यानंतरच त्या साइटचा एक गट करून तिकडे जाणारी प्रत्येक फाईल पूर्ण बंद केली. एकाही माणसाने तक्रार केली नाही. नऊ महिन्यांत सगळ्यात जास्त फायदा याच एका नियमाने दिला आणि तो सगळ्यात सोपाही होता.

खरी परीक्षा १५ सप्टेंबरला झाली. रिटर्न भरायची वाढीव मुदत त्या दिवशी संपत होती, आणखी एक दिवस मिळणार हे रात्री उशिरा कळलं. संध्याकाळी सात वाजता आमची एक ज्युनिअर धावत आली, "दादा, स्टेटमेंट चढूनच नाही राहिलं, आणि पार्टी फोनवर फोन करून राहिली." एका दुकानदाराचं वर्षभराचं बँक स्टेटमेंट होतं, ते आमच्या ऑनलाइन अकाउंटिंगमध्ये टाकायचं होतं. स्क्रीनवर लिहून आलं होतं की फाईलमध्ये ४१ आधार क्रमांक आहेत. दुकानदाराच्या स्टेटमेंटमध्ये ४१ जणांचे आधार कुठून येणार?

रात्री फाईल उघडून बसलो तेव्हा उलगडा झाला. आधार क्रमांक १२ अंकी, ० किंवा १ ने सुरू होत नाही, आणि शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून व्हेरहॉफ नावाच्या गणिती पद्धतीने काढलेला तपासणीचा अंक असतो. यूपीआयचा व्यवहार क्रमांकही १२ अंकीच, आणि त्याचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो: २०२४ चे व्यवहार ४ ने सुरू, २०२५ चे ५ ने. म्हणजे पहिल्या अंकाची चाळणी ते सहज पार करतात. तपासणीचा अंक दहापैकी एकदा योगायोगाने जुळतोच. चारशे यूपीआय व्यवहारांच्या स्टेटमेंटमध्ये चाळीसेक "आधार" दिसणार, हे गणितच आहे. चूक माझी होती. मी नुसता आकडा जुळला तरी अडव असं ठेवलं होतं. आकड्याच्या आसपास "आधार", "यूआयडी" असा शब्दही असला तरच अडव, असं बदललं आणि स्टेटमेंटचा त्रास जवळजवळ संपला. तो बदल मात्र सगळ्या संगणकांवर पोचायला सकाळ झाली. नियम बदलला की लगेच लागू होत नाही, म्हणून मुदतीच्या दिवशी नियमाला हात लावायचा नाही, हे मी तेव्हापासून पाळतो.

असाच घोळ पॅनचा. पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर, इतकं सोपं म्हणून मी स्वतःच साचा लिहिला. दुसऱ्या दिवशी जीएसटीची बिलं अडायला लागली. १५ अक्षरी जीएसटी क्रमांकाच्या पोटात तिसऱ्यापासून बाराव्या अक्षरापर्यंत पॅनच असतो, आणि पॅनच्या मागेपुढे चिकटून दुसरं अक्षर किंवा अंक नसावा अशी अट माझ्या साच्यात नव्हती. पॅनचं चौथं अक्षर पी असेल तर तो व्यक्तीचा, सी असेल तर कंपनीचा. आता फक्त पी असलेले, सुटे उभे असलेले, आणि एका फाईलमध्ये दहाच्या वर असले तरच अडतात. एका माणसाचं रिटर्न एका पॅनसह जाणारच. पन्नास कामगारांची यादी जाऊ नये.

आता जे मला सगळ्यात जास्त खुपतं ते. ही व्यवस्था कुलूपबंद फाईल वाचू शकत नाही. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून उतरवलेलं ई-आधार, म्हणजे आधारची पीडीएफ, मुळात कुलूपबंदच येतं. पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल. म्हणजे बँकेचं स्टेटमेंट अडलं आणि प्रत्यक्ष आधार कार्ड निघून गेलं, असं आमच्याकडे दोन महिने चालू होतं. वाचता न येणारी फाईल अडवावी की सोडावी याची सेटिंग वेगळी असते आणि ती शोधून लावावी लागते. आम्ही आता अशी फाईल ठराविक सरकारी पोर्टल सोडून सगळीकडे अडवतो. मोबाईलने काढलेल्या आधारच्या फोटोचंही तेच. चित्रातला मजकूर ओळखायची सोय वेगळे पैसे मोजून मिळते. आम्ही ती घेतलेली नाही. त्याऐवजी पार्टीकडूनच शक्य तिथे फक्त शेवटचे चार अंक दिसणारं मास्क केलेलं आधार मागतो.

पूर्ण बंदी आणि मोकळीक यांच्या मधला एक प्रकार आहे: अडवायचं, पण कारण लिहिलं तर जाऊ द्यायचं. मेल आणि व्हॉट्सअॅप वेबसाठी आम्ही तोच ठेवला. (व्हॉट्सअॅपचं वेगळं डेस्कटॉप अॅप ब्राउझरच्या नियमात येत नाही, म्हणून ते काढून टाकलं. तसंच ज्या ब्राउझरमध्ये तपासणी चालत नाही तेही काढले.) सुरुवातीला लोक कारणात "अर्जंट", "सर बोलले", कधी नुसता एक टिंब टाकायचे. सूचना इंग्रजीत होती, ती मराठीत लिहिली: "या फाईलमध्ये कामगारांचे आधार क्रमांक दिसत आहेत. ही कोणाला आणि कशासाठी पाठवता आहात ते लिहा. हे वाचलं जाणार आहे." आणि मी खरोखर दर शनिवारी सगळी कारणं वाचतो. दुसऱ्या महिन्यापासून कारणं नीट यायला लागली, आणि कित्येकदा सूचना वाचून माणूस स्वतःच थांबतो.

खर्च माणसामागे दर महिन्याचा आहे, आणि आमच्याएवढ्या ऑफिसला तो जाणवतो. ४ जीबी रॅमचे जुने सहा संगणक रडायला लागले, त्यांची रॅम वाढवावी लागली. पहिले दोन महिने माझा रोज तासभर नियमांत गेला, आता आठवड्याला तास-दीड तास पुरतो. स्क्रीनचा मोबाईलने फोटो काढला तर कोणतंच धोरण काही करू शकत नाही. हे सगळं धरूनही मी मार्चमध्ये पुन्हा एका वर्षासाठी घेतलं.

त्याच एचआर मॅडम फेब्रुवारीत ऑफिसला आल्या आणि तोच प्रश्न विचारला. या वेळी मी त्यांच्या कारखान्याची मागच्या महिन्याची यादी छापून समोर ठेवली. कोणती फाईल, कोणी, कुठे, कारण काय. १९ ओळी. पीएफ, ईएसआयसी, त्यांचीच बँक, त्यांचाच मेल. मॅडमनी एकेक ओळ पेनने टिपत वाचली आणि चौदाव्या ओळीवर थांबल्या. कारणात लिहिलं होतं, "प्रिंटर बंद, खालच्या झेरॉक्सवाल्याला मेल केला."

"यांच्याकडे आमच्या ६२ लोकांची यादी अजून आहे का?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्यासमोरच खाली उतरलो. झेरॉक्सवाल्या काकांनी मेल उघडून दाखवला, फाईल इनबॉक्समधून काढली, डाउनलोडमधून काढली, रिसायकल बिनही रिकामा केला. त्याच संध्याकाळी सीताबर्डीहून दुसरा प्रिंटर आणला.