नवतप्यात टिकेल असा गेमिंग संगणक: कोणत्या भागावर खर्च करावा, कोणत्या नाही

संगणकाच्या भागांची परीक्षणे आपण वाचतो तेव्हा एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते, ती म्हणजे ती बहुतेक २० ते २५ अंशांच्या खोलीत केलेली असतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि एसी नसलेल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ३८ अंश असणे ही नवलाई नव्हे. खोली जितके अंश तापते, जवळपास तितकेच अंश आतले भागही जास्त तापतात; म्हणजे परीक्षणात ६५ अंशांवर शांत चालणारे ग्राफिक्स कार्ड नवतप्यात (मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) ८० च्या आसपास पोहोचते आणि त्याचे पंखे कानाला जाणवू लागतात. म्हणून दीड लाखाच्या आसपासचे बजेट हाती धरून उच्च दर्जाचा संगणक असेंबल करणाऱ्या नागपूरकराने प्रत्येक भागाची किंमत आणि कामगिरी यांच्या जोडीला तिसरा आकडाही मांडावा, तो म्हणजे वॅट. खालची सगळी तुलना या तिन्ही आकड्यांना धरून केली आहे.

पहिला निर्णय पडद्याचा. १४४०पी पडद्यावर सुमारे ३७ लाख पिक्सेल असतात, ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख. म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी ग्राफिक्स कार्डाला सव्वादोन पट पिक्सेल रंगवावे लागतात आणि त्यासाठीचे कार्ड एकटेच या बजेटचा बहुतेक भाग खाऊन टाकते. २७ इंचांचा १४४०पी पडदा घेऊन पुढे जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरा विचार करावा लागतो तो ग्राफिक्स कार्डाचा. या पडद्यासाठी तीन कार्डे समोर येतात आणि तिन्ही मार्च २०२५ मध्ये बाजारात आली: एनव्हीडियाचे जीफोर्स आरटीएक्स ५०७०, एएमडीचे रेडिऑन आरएक्स ९०७० आणि त्याचाच मोठा भाऊ ९०७० एक्सटी. आरटीएक्स ५०७० मध्ये १२ जीबी मेमरी असून ते २५० वॅटपर्यंत वीज घेते. आरएक्स ९०७० मध्ये १६ जीबी मेमरी आहे आणि त्याची मर्यादा २२० वॅट आहे. एक्सटीमध्येही १६ जीबीच मेमरी आहे, पण त्याची भूक ३०४ वॅटची आहे. रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्याचे तंत्र) बाजूला ठेवले तर पहिली दोन कार्डे १४४०पीवर जवळजवळ बरोबरीने चालतात आणि अनेक खेळांत ९०७० थोडे पुढेच राहते. रे ट्रेसिंग आणि फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम गणिताने तयार करणे) दोन्ही सुरू केल्यावर काही नव्या खेळांत १२ जीबी मेमरी अपुरी पडू लागते, आणि चार-पाच वर्षे कार्ड बदलायचे नसेल तर ही उणीव दरवर्षी अधिक जाणवत जाईल. उलट, कमी पिक्सेलच्या चित्रातून मोठे चित्र बनवणारे डीएलएसएस हे एनव्हीडियाचे तंत्र आजही अधिक खेळांत मिळते, आणि खेळाबरोबर ब्लेंडर (त्रिमितीय चित्रांचे सॉफ्टवेअर), व्हिडिओ संपादन किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग करायचे असतील तर क्यूडा या एनव्हीडियाच्या स्वतःच्या प्रणालीवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे आरटीएक्स ५०७० ला पर्याय उरत नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने ही बाब गंभीरपणे घ्यावी. केवळ खेळण्यासाठी घेणाऱ्याने तिच्यासाठी ४ जीबी मेमरी सोडू नये.

९०७० आणि ९०७० एक्सटी यांतला पेच अधिक अवघड आहे. एक्सटी साधारण १० ते १५ टक्के वेगवान आहे, पण त्यासाठी ते ३८ टक्के अधिक वीज घेते. रोज चार तास खेळणाऱ्याच्या घरी हा ८४ वॅटचा फरक वर्षाला सुमारे १२० युनिटचा होतो. उन्हाळ्यात कूलर किंवा एसीमुळे महावितरणचे बिल आधीच वरच्या टप्प्यात गेलेले असते, त्यामुळे यातली मार्च ते जूनची युनिटे महागड्या दराने मोजावी लागतात. शिवाय ही सारी उष्णता खोलीतच सोडली जाते, हे वेगळेच. असे असले तरी दोन्हींच्या मूळ अमेरिकी किमतीत फक्त ५० डॉलरचे अंतर होते, हे विसरून चालणार नाही. नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या दुकानात मिळणाऱ्या भावात हा फरक पाच हजारांच्या आत असेल, तर एक्सटी घ्यावे आणि मार्च ते जून एएमडीच्या सॉफ्टवेअरमधून त्याची वीजमर्यादा खाली आणून ठेवावी. वेग थोडाच कमी होतो, तापमान मात्र लक्षणीय उतरते. फरक दहा हजारांच्या घरात असेल तर साधे ९०७० घेऊन उरलेले पैसे रॅमसाठी राखावेत.

प्रोसेसरच्या बाबतीत बहुतेक जण गरजेपेक्षा जास्त खर्च करतात. इंटेलचा कोअर आय५ १४६००के कागदावर भरभक्कम दिसतो, १४ कोअर आणि २० थ्रेड, पण पूर्ण भारावर तो १८१ वॅटपर्यंत जातो आणि त्याच्या एलजीए १७०० सॉकेटचा (मदरबोर्डवरील प्रोसेसरच्या खाचेचा) पुढचा रस्ता बंद झालेला आहे. शिवाय इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या ज्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये अस्थिरतेचा दोष आढळला, त्यांत हाही होता; ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, तेव्हा तो घेणाऱ्याने मदरबोर्डचे बायोस (संगणक सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत आहे ना, हे पहिल्याच दिवशी तपासावे. त्याच्या समोर एएमडीचा रायझन ७ ७८००एक्स३डी ठेवला तर ९६ एमबी एल३ कॅशमुळे (प्रोसेसरमधल्याच जलद मेमरीमुळे) तो खेळांत पुढे राहतो आणि खेळताना त्याची विजेची भूक आश्चर्य वाटावे इतकी कमी असते. मात्र त्याची किंमत या बजेटला पेलणारी नाही. तिसरा पर्याय रायझन ५ ७६०० चा: ६ कोअर, १२ थ्रेड, ६५ वॅटचा गट, प्रत्यक्षात कमाल ८८ वॅट, आणि खोक्यातच मिळणारा छोटा कूलर. १४४०पीवर बहुतेक वेळा वाट ग्राफिक्स कार्डच अडवते. त्यामुळे ७६०० आणि ७८००एक्स३डी यांतले अंतर परीक्षणांतल्या १०८०पी तक्त्यांत दिसते तेवढे प्रत्यक्षात जाणवत नाही. स्पर्धात्मक शूटर खेळ सेकंदाला २४० फ्रेमने खेळणारे याला अपवाद. दोन्ही प्रोसेसर एएम५ सॉकेटचे आहेत आणि एएमडीने हे सॉकेट २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही चालवण्याचे जाहीर केले आहे; म्हणजे आज ७६०० घेऊन दोन-तीन वर्षांनी त्याच मदरबोर्डवर एक्स३डी बसवता येतो. या बजेटमध्ये याहून शहाणा सौदा मला दिसत नाही. मदरबोर्ड साधा बी६५० पुरे.

रॅमची गोष्ट मात्र २०२५ च्या अखेरीपासून पालटली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने भाव कडाडले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने आपला क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. आदर्श जोडी आजही १६ जीबीच्या दोन डीडीआर५-६००० काड्यांचीच आहे. ती परवडत नसेल तर ८ जीबीच्या दोन काड्या घ्याव्यात की १६ जीबीची एकच? आजच्या दिवशी दोन काड्या अधिक वेगाने चालतील, यात शंका नाही. पण पुढे वाढवायची वेळ आली की चार काड्यांवर एएम५ मध्ये रॅमचा वेग बराच खाली येतो, त्यामुळे त्या ८ जीबीच्या काड्या विकाव्याच लागतात. मी एकच १६ जीबीची काडी घेऊन काही महिने थोडी मंदगती सोसणे पसंत करीन, आणि तिचा मॉडेल क्रमांक जपून ठेवून नंतर तंतोतंत तशीच दुसरी आणीन.

एसएसडीवर फार विचार करू नये: चौथ्या पिढीची, टीएलसी (एका सेलमध्ये तीन बिट साठवणाऱ्या) प्रकारची, १ टीबीची. पाचव्या पिढीची महाग पडते, अधिक तापते आणि खेळांत फरक जाणवू देत नाही.

कॅबिनेटमध्ये मी स्वतः चुकलो आहे. समोर आणि बाजूला काच असलेले, आत रंगीत दिवे झळकणारे कॅबिनेट मी हौसेने घेतले. हिवाळाभर ते दिवाणखान्याची शोभा वाढवत होते आणि एप्रिल उजाडताच बाजूची काच काढून ठेवल्याशिवाय खेळता येईना. समोर जाळी आणि धूळ गाळणारे फिल्टर असलेले कॅबिनेट दिसायला साधे असते, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात तेच उपयोगी पडते. वॉटर कूलिंगविषयीही हेच म्हणता येईल. पाण्याचा असो वा हवेचा, कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. ७६०० साठी त्याचा स्वतःचा कूलर चालतो आणि आवाज नको असेल तर मध्यम आकाराचा टॉवर एअर कूलर भरपूर होतो. राहिला आपला वाळ्याचा कूलर: त्याच्या थेट झोतात संगणक ठेवू नये, कारण झोताबरोबर पाण्याचे तुषार आणि क्षारांची पूड आत जाते, संगणक बाजूला ठेवावा आणि समोरची खिडकी थोडी उघडी असू द्यावी.

एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) घेताना ६५० वॅट ब्राँझ आणि ७५० वॅट गोल्ड (या कार्यक्षमतेच्या श्रेणी) यांत निवड असते. एएमडीने ९०७० साठी ६५० आणि एक्सटीसाठी ७५० वॅट सुचवले आहेत. निम्म्या भारावर ब्राँझची कार्यक्षमता किमान ८५ टक्के, तर गोल्डची ९० टक्के असते. ४०० वॅट वापरात भिंतीवरून साधारण २५ वॅटचा फरक पडतो, म्हणजे विजेच्या बचतीतून गोल्डची किंमत लवकर वसूल होत नाही. तरीही मी गोल्ड घेईन, कारण त्या वर्गात वॉरंटी बहुधा लांब असते. बॅकअपचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. मृगाच्या आधीच्या वादळात वीज जाणे ठरलेले, आणि बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॅटच पेलतो, तेव्हा खेळ चालू असताना तो क्षणात हात वर करतो. एक तर १००० व्हीएचा घ्यावा, नाही तर घरचा इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असल्यास तो यूपीएस मोडवर ठेवून पाहावा. एसएमपीएस स्वतः साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. तेवढ्यात इन्व्हर्टरने भार उचलला, तर वेगळ्या यूपीएसचे पैसे वाचतात.

खरेदी सीताबर्डीतून करावी की ऑनलाइन? प्रोसेसर, रॅम, एसएसडी हे न फुटणारे, सहसा न बिघडणारे भाग जिथे स्वस्त मिळतील तिथून घ्यावेत. ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड आणि एसएमपीएस मात्र दीड-दोन हजार अधिक मोजूनही गावातल्या दुकानातून घ्यावेत, सीरियल क्रमांक लिहिलेल्या जीएसटी बिलासह. आणि दुकानदार किती दिवसांत बदलून देणार, हे आधी विचारून त्या मुदतीच्या आतच एका भर दुपारी, कूलर बंद ठेवून, जड खेळ सलग दोन तास चालवून पाहावा.