डबल मार्करचा रिपोर्ट: बाळंतपणापर्यंत वापरल्यावरचा अनुभव

डबल मार्कर म्हणजे बाळाला डाउन सिंड्रोमसारखा गुणसूत्रांचा दोष असण्याचा धोका सांगणारी गरोदरपणातली रक्तचाचणी. रक्त दिल्यापासून बाळंतपणापर्यंत तिचा रिपोर्ट फायलीत सोबत असतो. पहिल्या पानावरचं 'हाय रिस्क' सगळं घर वाचतं, खालचे आकडे कुणीच वाचत नाही. इतके महिने वापरल्यावर मत असं, की चाचणीचा खरा उपयोग त्या आकड्यांत आहे. पाचपैकी चार गुण. एक कापला, कारण समजावून सांगणारं कुणी नसताना पीडीएफ थेट व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडते.

एनटी (बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी) मोजणाऱ्या सोनोग्राफीसोबत केली तर ही चाचणी डाउन सिंड्रोमची साधारण ९० टक्के बाळं हेरते, पण त्यासाठी ५ टक्के चांगल्या गरोदरपणांवरही शिक्का बसतो. म्हणजे हजार जणींत पन्नासेक 'हाय रिस्क', आणि त्यांतल्या खरोखर बाधित दोन-तीन. १:१८० आलं, तर तशा १८० जणींपैकी १७९ जणींच्या बाळाला डाउन सिंड्रोम नसतो. सासूबाईंना हे असंच सांगावं, लगेच कळतं.

बरेच खोटे पॉझिटिव्ह फॉर्मवरच तयार होतात. "मॅडम, तारीख आधारवरची सांगू की खरी?" हा प्रश्न कलेक्शन सेंटरच्या खिडकीवर हमखास येतो. शाळेत मास्तरांनी लावलेली १ जून सांगू नका. वय चुकलं की धोक्याचा आकडाही चुकतो. वजन त्याच दिवशी काट्यावर करा. ८५ किलोच्या जागी ५८ पडलं, तर पॅप-ए (या चाचणीत मोजलं जाणारं वारेचं प्रथिन) खोटाच कमी दिसतो. आयव्हीएफ, जुळं, मधुमेह, धूम्रपान यांचे रकाने रिकामे ठेवू नका.

सगळ्यात मोठी गफलत आठवड्यांची. पॅप-ए आठवड्यागणिक वाढतो, फ्री बीटा एचसीजी (चाचणीत मोजलं जाणारं दुसरं द्रव्य, गरोदरपणातलं संप्रेरक) याच काळात उतरतो. पाळीच्या तारखेवरून १३ आठवडे लिहिले आणि बाळ ११ आठवड्यांचंच असलं, तर पॅप-ए कमी, बीटा जास्त, म्हणजे हुबेहूब डाउन सिंड्रोमचं चित्र. म्हणून आधी सोनोग्राफी, मग रक्त. सीआरएल (बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी) ४५ ते ८४ मिलिमीटरमध्ये हवा आणि तोच आकडा फॉर्मवर जायला हवा.

नाशिकचा एप्रिल-मे आणखी एक घोळ घालतो. मशीनमध्ये फिरवून सीरम वेगळं न केलेलं रक्त उन्हात डिकीतून सातपूरहून गंगापूर रोडला गेलं, तर उष्णतेने एचसीजी फुटून फ्री बीटा वाढतो. सीरम लगेच वेगळं करून थंड डब्यात पाठवता का, हे सुई टोचण्याआधी विचारा.

माहिती चुकली असेल तर लॅबकडून त्याच नमुन्याचा धोका नव्याने काढून घ्या. तरीही हाय रिस्क राहिला, तर एनआयपीटी (आईच्या रक्तातल्या डीएनएवरून होणारी चाचणी) हा पुढचा पर्याय. मात्र तीही चाळणीच आहे. त्यातला डीएनए वारेतून (प्लासेंटातून) येतो, त्यामुळे वारेत दोष आणि बाळ ठीक, असंही होतं. पक्कं निदान सीव्हीएस (वारेचा नमुना घेऊन तपासणी) किंवा १५ आठवड्यांनंतरच्या अ‍ॅम्निओसेंटेसिसनेच (गर्भजलाची तपासणी). एनटी ३.५ मिलिमीटर किंवा जास्त असेल, तर एनआयपीटीत वेळ घालवण्याआधी फीटल मेडिसिनच्या (पोटातल्या बाळाच्या तज्ज्ञ) डॉक्टरांना गाठा. नुसत्या डबल मार्करवरून गर्भपाताचा निर्णय कधीही घेऊ नये.

पुढची तपासणी नॉर्मल आली की पेढे वाटतात आणि रिपोर्ट कपाटात जातो. इथेच चूक होते. पॅप-ए ०.४ एमओएमच्या (म्हणजे त्या आठवड्याच्या मध्यम पातळीच्या ०.४ पटीच्या) खाली असेल, तर गुणसूत्रं ठीक असूनही वार कमजोर असण्याची शक्यता वाढते. पुढे बीपी, बाळाची वाढ खुंटणं, लवकर प्रसूती. तो आकडा दाखवून अ‍ॅस्पिरिनबद्दल १६ आठवड्यांच्या आत विचारा. २०१७ च्या अ‍ॅस्प्रे अभ्यासात जास्त धोक्याच्या स्त्रियांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम दिल्यावर ३७ आठवड्यांआधीचा प्रीएक्लेम्पसिया (गरोदरपणातला बीपी वाढण्याचा धोकादायक आजार) ६२ टक्क्यांनी घटला. गोळी मनाने सुरू करू नये. वाढीच्या सोनोग्राफी २८, ३२, ३६ आठवड्यांना मागून घ्या. खर्च झेपत नसेल, तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी मोफत असते.

घरी दंडावरचं बीपी मशीन ठेवा, मनगटावरचं नको. पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, पट्टा हृदयाच्या पातळीत, बोलायचं नाही. दंड जाड असेल तर मोठा पट्टा घ्या, लहान पट्टा बीपी खोटंच वाढवतो. १४०/९० आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. १६०/११० आलं, किंवा डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकताहेत, उजव्या बरगडीखाली दुखतंय, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा. फाईल सोबत घ्या, पॅप-एचं पान वर ठेवून.