एस्टीमला सीम वेल्डिंग: एक सीझन आणि एक पावसाळा काढल्यावर

आधी निकाल सांगतो. गाडी फक्त मातीवर पळवायची असेल आणि आतली सीटं, गालिचा, डांबरी शीट आधीच उतरवलं असेल, तर सीम वेल्डिंग, म्हणजे बॉडीच्या पत्र्यांच्या सांध्यावर वेल्डिंगचे जादा टाके घालणं, जरूर करा. रोज कामाला न्यायच्या गाडीसाठी या भानगडीत पडू नका.

माझी जुनी मारुती एस्टीम, १३००चं इंजिन, ऑटोक्रॉस (आखलेल्या छोट्या ट्रॅकवर एकेका गाडीची वेळ मोजायची शर्यत) आणि मातीवरच्या रॅलींपुरतीच ठेवलेली. काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घेतलं. तिथं फाउंड्रीपासून फॅब्रिकेशनपर्यंत सगळं हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पातळ पत्र्यावर हात बसलेला सीओटू (वायर आणि गॅसच्या वेल्डिंगचा) वेल्डर शोधायला वणवण झाली नाही.

कारखान्यात बॉडीचे पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट, म्हणजे ठिपक्याएवढे वेल्ड, मारतात. दोन स्पॉटच्या मध्ये काही सेंटीमीटर मोकळे, तिथं नुसता सीलंट. गाडी वर्षानुवर्षं आदळली की तेवढ्या जागेत पत्रे किंचित हलतात आणि स्पॉटच्या कडेनं बारीक तडे जातात. त्या मोकळ्या जागी इंचभर टाका घालायचा, इंच-दीड इंच सोडून पुढचा. सलग शिवण मारायची नाही. पत्रा तापून ओढला जातो, आणि पुढं वेल्डच्या कडेलाच फाटतो.

मामांनी, म्हणजे आमच्या वेल्डरनी, पहिल्याच दिवशी सांगितलं, "भावा, वेल्डिंगचं माझ्यावर सोड, तू घासायचं बघ." खरंच, सगळा वेळ घासण्यातच गेला. हीट गननं सीलंट मऊ करायचा, पटाशीनं खरवडायचा, मग ग्राइंडरला वायर ब्रश लावून पत्रा चकचकीत करायचा. एवढं करूनही फटीत नखाएवढा सीलंट राहतोच. आर्क लागला की तो भसकन पेटतो, काळा धूर येतो आणि टाक्यात टाचणीएवढी भोकं पडतात. असा टाका दिसला की मामा एक शब्द न बोलता तो ग्राइंडरनं उडवायचे आणि जागा परत माझ्याकडे घासायला.

वायर ०.८ मिलिमीटरची, गॅस आरगॉन आणि सीओटूचा मिक्स. एक टाका पुढच्या डाव्या शॉकअप टॉवरवर (शॉकअपचं वरचं टोक बसतं तो भाग), दुसरा मागं उजवीकडं, असं गाडीभर फिरत राहायचं. आधीच्या जागेला हात लावता येईपर्यंत तिथं परत जायचं नाही. शेल, म्हणजे मोकळी बॉडी, लेव्हल केलेल्या स्टँडवर, दारं जागेवर, आणि बॉडी वाकडी होत नाही ना हे बघायला रोज संध्याकाळी टेपनं कर्ण मोजायचे. टॉवर, एप्रन (इंजिनाच्या बाजूचे आतले पत्रे), फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत), सिल (दाराखालची पोकळ पट्टी), पिलरचे (छत पेलणाऱ्या खांबांचे) पाय एवढं केलं. चासीच्या पुढच्या टोकाला मात्र मुद्दाम हात लावला नाही. ठोकर बसली तर ते टोक चुरगळायलाच हवं, नाहीतर दणका आत येतो.

आता फरक. रोल केज (गाडीच्या आतला नळ्यांचा पिंजरा) आधीपासून होता आणि कडकपणाचा मोठा वाटा केजचाच असतो, त्यामुळे सगळं श्रेय टाक्यांना देणार नाही. पण केज तोच असताना बदललं ते असं: पूर्वी पुढचा एक कोपरा जॅकवर घेतला की त्या बाजूचं दार लॉकच्या खुंटीला अडायचं, उचलून लावावं लागायचं. आता जॅकवर असतानाही ढकललं की लागतं. मातीवरच्या प्रत्येक इव्हेंटनंतर पुढच्या चाकांचं अलाइनमेंट हलायचं, ते आता टिकतं. स्टिअरिंग थोडं नेमकं झालंय, पण लोक छातीठोकपणे सांगतात तेवढं नाही. शॉकअपचं सेटिंग बदललं की ते कळतं, हा मला खरा फायदा वाटतो. वजन म्हणाल तर काही किलोंचाच प्रश्न.

त्रास पावसाळ्यात सुरू झाला. टाक्याच्या मागच्या बाजूचा रंग जळतो, जस्ताचा थर असेल तर तोही, आणि ती बाजू सिलच्या पोकळीत, जिथं ब्रश पोचत नाही. बाहेरून प्रायमर, सीलंट, अंडरकोट सगळं केलं होतं, आत भोकातून लांब नळीनं मेणही मारलं होतं. तरी जुलैत उजव्या सिलच्या खालच्या कडेला, पाणी निथळायच्या भोकापाशी, तांबूस ओघळ दिसला. भोक मोकळं करून, आतून वाळवून पुन्हा मेण मारलं, तेव्हा थांबला. पावसाच्या गावात हे दरवर्षीचं काम धरूनच चला. जस्त असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करताना धुराला मास्क आणि मोकळी हवा हवीच.

दुसरा तोटा डेंटरकडं गेल्यावर कळतो. नुसते स्पॉट असले की ड्रिल मारून पॅनल सुटतं. इथं प्रत्येक टाका ग्राइंडरनं कापावा लागतो. आमच्या डेंटरनं एप्रन बघून आधी कपाळाला हात लावला, मग मजुरी वाढवली.

रस्त्यावरची गाडी असेल तर आधी मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम (गाडीत बदल करण्याबद्दलचं) वाचा आणि विमावाल्याला विचारा. स्पर्धेची असेल तर आपल्या गटाच्या नियमात हे बसतं का ते आधी बघा, काही गटांत चालत नाही. आणि अलीकडच्या मॉडेलवर असले टाके मारूच नका. त्यांच्या पिलर-सिलमध्ये हाय स्ट्रेंथ स्टील असतं, वेल्डच्या उष्णतेनं त्याची ताकदच जाते. तिथं केजवर खर्च करा.