आई-बाळ संवाद वर्कशॉप (पुणे): व्हिडिओ भारी, क्विझ उगाच

बायकोने बुक केलेलं, मी आपला डायपरची बॅग उचलायला गेलेलो, पण आवडलं मलाच जास्त. विषय असा की आईचा स्वतःचा अटॅचमेंटचा स्वभाव, म्हणजे जवळच्या माणसावर ती किती विसंबते, किती धास्ती घेते, तो बाळाशी बोलताना कसा उतरतो.

आधी बोल्बी, एन्सवर्थ (बाळ-आईच्या अटॅचमेंटवर काम केलेले संशोधक) वगैरे थिअरी. आई खोलीतून जाते, परत येते तेव्हा बाळ काय करतं हा एन्सवर्थबाईंचा प्रयोग साधारण वर्षाच्या पुढच्या बाळांसाठी आहे हे वर्कशॉप घेणाऱ्या मॅडमनी क्लिअर सांगितलं ते बरं केलं, नाहीतर सगळ्यांनी घरी जाऊन ट्राय केला असता.

पैसा वसूल व्हिडिओत आहे. आई-बाळाचं थोडा वेळ शूटिंग करतात आणि मग स्लो करून दाखवतात. आमच्या पोराने मधेच तोंड फिरवून पंख्याकडे बघितलं तर बायको लगेच "अले अले, इकले बघ" करत खुळखुळा त्याच्या नाकासमोर, तो अजून मान वळवतो, ही अजून पुढे! मॅडम म्हणाल्या बाळ दमलं की ब्रेक घेतं, पण जिला आपण नकोसे झालो अशी भीती पटकन वाटते तिला ते रुसणं वाटतं. शेजारच्या ताईंचं उलटं, बाळ रडवेलं झालं की त्या गप्प आणि त्याचं झबलं नीट करत बसायच्या. बीबी-जॅफी यांचा 2001 चा अभ्यासही सांगितला, 4 महिन्यांच्या बाळाचा नि आईचा आवाजातला ताळमेळ मध्यम असला की वर्षाच्या वयात नातं सुरक्षित दिसण्याची शक्यता जास्त, फार चिकटून ताल धरणंही बरं नाही म्हणे.

आता क्विझ, म्हणे आईचा अटॅचमेंटचा स्वभाव ओळखायला. फोनवर चार टिक मारा की "तुम्ही अँक्शस टाइप" (म्हणजे धास्ती घेणाऱ्या). राशीभविष्य आहे का हे? रिसर्चमधे यासाठी तासभर मुलाखत घेतात, लहानपणाबद्दल विचारतात आणि काय सांगितलं यापेक्षा कसं सांगितलं ते बघतात. बायको ते लेबल डोक्यात घेऊन घरी आली. आणि डिलिव्हरीनंतर उदास असलेल्या, झोप न झालेल्या आईबद्दल एक शब्द नाही, तिलाही बोलायचं त्राण नसतं पण तो काय स्वभाव नव्हे.

बाबांचं शूटिंग करत नाहीत, विचारलं तर म्हणे डिमांड नाही.

साडेतीन स्टार. जाणार असाल तर सकाळची बॅच घ्या, दुपारी अर्धी बाळं झोपेला आलेली असतात, आणि पार्किंग अजिबात नाहीये, रिक्षानेच जा.