फरशीखाली गरम पाण्याचा पाइप आणि शेजारी वायरी: दिवाळी ते पोळा वापरून

दिवाळीत नव्या घरात आलो, आता पोळाही झाला. थंडी, ऊन, पाऊस तिन्ही बघून झाले म्हणून लिहितोय. घर लातूरला. 1993 च्या भूकंपानंतर आमच्याकडं कॉलमला छिन्नी लावतो म्हटलं तरी घरातली वडीलधारी माणसं आडवी येतात. त्यामुळे सोलर वॉटर हीटरचा सीपीव्हीसी (गरम पाण्यासाठीचा कडक प्लास्टिकचा) पाइप आणि लाईटच्या वायरी, दोन्ही कोब्यातूनच न्याव्या लागल्या.

युरोपात फरशीखालून गरम पाणी खेळवून घर उबदार ठेवतात. तिकडचा पाइप साधारण 35-45 अंश, पण तासन्‌तास गरम. आपलं सोलरचं पाणी सहज 60 अंश, मात्र सकाळच्या आंघोळीपुरतं. मे महिन्यात एसीची वायर तापते तेव्हा गरम पाण्याचा नळ उघडतो कोण? म्हणून पाइपाशेजारच्या वायरींचे तिकडचे नियम जसेच्या तसे उचलायची गरज नाही. तरी साध्या पीव्हीसी वायरीचं कव्हर 70 अंशांपर्यंतच. भोवती 40 अंश असताना 20 अँपिअर पेलणारी वायर 60 अंशांत 11-12 वरच थांबवावी लागते, आणि दोन किलोवॅटचा गीझर एकटाच 9 ओढतो. म्हणून दोन्हींत वीतभर अंतर ठेवलं, पाइपाला फोम चढवला आणि जिथं ओलांडायचं तिथं काटकोनातच ओलांडलं. वायर वर घ्यावी तर उष्णता लागते, खाली घ्यावी तर गळती. शेजारी-शेजारी हेच बरं.

खरी भीती मला उष्णतेपेक्षा वेगळ्याच गोष्टीची वाटते. वायरीचं पीव्हीसी लवचीक राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य घातलेलं असतं. ते सीपीव्हीसीला लागून राहिलं तर पाइपाला बारीक तडे जाऊ शकतात. आणि आमचे प्लंबर काका पाइप जागेवर धरायला बांधत होते कशानं? उरलेल्या वायरीच्या तुकड्यांनी! ते सगळे काढायला लावले. वायरी कडक कंड्युटमधूनच (वायरींसाठीच्या नळीतूनच) घेतल्या.

निकाल म्हणाल तर जानेवारीत पाइपावरची फरशी अनवाणी पायाला किंचित कोमट लागायची, वायरींवरची गारच. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) पावसाळ्यात एकदा पडला, तो गच्चीवर सोलरच्या टाकीच्या कॉइलच्या बॉक्समध्ये पाणी गेल्यामुळे. खालच्या वायरींचा त्यात संबंध नव्हता.

सगळ्यात कामाला आले ते फरशी बसण्याआधी मापाची टेप लावून काढलेले फोटो. सुताराला बाथरूमच्या दाराचा स्टॉपर बसवायचा होता, ड्रिल बरोबर पाइपावर टेकलेलं. फोटो दाखवला, मग त्यानं स्टॉपर चार बोटं सरकवला.

तक्रार एकच, गच्चीवरच्या फोमची. दुकानदार म्हणाला होता पाच वर्षं बघायचं नाही. आमच्या उन्हानं एका उन्हाळ्यात त्याचा भुगा केला, हात लावला की काळी पूड. थंडी पडायच्या आत नवा चढवून वरून अॅल्युमिनियमची टेप गुंडाळणार आहे.