बॅटरीवरचा थर्मोस्टॅट की स्मार्ट? आधी भिंतीतल्या वायरी बघा

ब्लॅक फ्रायडे जवळ आला की स्मार्ट थर्मोस्टॅटवर, म्हणजे घराचं तापमान सांभाळणाऱ्या आणि फोनवरून हलवता येणाऱ्या भिंतीवरच्या डबीवर, घसघशीत सूट मिळते, आणि न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियाकडे नुकतं घर घेतलेली आपली मंडळी एकमेकांना विचारायला लागतात: गूगलचा नेस्ट घ्यावा की इकोबी? माझ्या मते हा प्रश्न फार लवकर विचारला जातो. थर्मोस्टॅट कुठला घ्यायचा हे निम्मं भिंतीतल्या वायरी ठरवतात आणि निम्मं घरात कोण, किती वेळ असतं यावर ठरतं. ब्रँडचा नंबर त्यानंतर. कित्येकांना चाळीस डॉलरचा, दोन सेलवर चालणारा साधा प्रोग्रॅमेबल (कुठल्या वेळी किती तापमान हे आधी ठरवून ठेवता येणारा) थर्मोस्टॅट पुरतो. काहींना तो अजिबात पुरत नाही. तुम्ही कुठल्या गटात आहात हे दहा मिनिटांत कळतं.

आधी फर्नेसची, म्हणजे हवा तापवून घरभर पाठवणाऱ्या भट्टीची, वीज बंद करा. ब्रेकर पॅनेलमध्ये असतोच. शिवाय फर्नेसच्या अंगावर किंवा जवळच्या भिंतीवर दिव्याच्या बटणासारखा एक स्विच असतो. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या जुन्या घरांत बेसमेंटच्या जिन्याच्या तोंडाशी लाल पट्टीवरचा स्विच दिसतो, बहुतेक तोच. मग जुन्या थर्मोस्टॅटचं तोंड पुढे ओढून काढा आणि काहीही हलवायच्या आत मोबाइलवर फोटो घ्या.

बारीक, रंगीबेरंगी वायरी दिसल्या तर ते 24 व्होल्टचं काम आहे. प्रत्येक वायर एका अक्षराखाली बसवलेली असते. आरमधून फर्नेसच्या ट्रान्सफॉर्मरची वीज येते. डब्ल्यू म्हणजे हीटिंग, वाय म्हणजे बाहेरचा एसी कॉम्प्रेसर, जी म्हणजे पंखा. जुना थर्मोस्टॅट हा नुसता स्विच असतो: त्याने आर आणि डब्ल्यू जोडले की फर्नेस पेटते. रंगावर मात्र जाऊ नका. लाल म्हणजे आर आणि पांढरी म्हणजे डब्ल्यू हा रिवाज आहे, नियम नाही. आधीच्या कारागिराला हाताशी जी वायर मिळाली ती त्याने लावलेली असू शकते. बघायचं ते अक्षर.

आणि जाड, काळ्या-लाल वायरी, टोकाला पिळून बसवलेल्या टोप्या, अशा दिसल्या तर तिथेच थांबा. ती 120 किंवा 240 व्होल्टची इलेक्ट्रिक बेसबोर्डची (भिंतीच्या पायथ्याशी बसवलेल्या विजेच्या हीटरची) लाइन आहे. तिला नेस्टही चालत नाही, इकोबीही नाही आणि चाळीस डॉलरवालाही नाही. तिच्यासाठी वेगळे लाइन-व्होल्टेज थर्मोस्टॅट मिळतात. मायसा आणि सिनोपे या दोन कॅनडियन कंपन्या त्यांचे स्मार्ट प्रकारही बनवतात. इथून पुढचं सगळं 24 व्होल्टवाल्यांसाठी.

पाचव्या वायरीचं त्रांगडं

स्मार्ट थर्मोस्टॅटला स्क्रीन असतो, वायफाय असतं. त्याला चोवीस तास वीज लागते. त्यासाठी आरने आलेली वीज परत जायला एक वाट हवी. ती वाट म्हणजे सी-वायर. सेलवरच्या थर्मोस्टॅटला तिची गरज नसते, म्हणून पूर्वी ती कोणी टाकतच नसे. जुन्या घरांत चार वायरी सापडतात, आणि गरम पाण्याचा बॉयलर असेल तर फक्त दोन: आर आणि डब्ल्यू.

सी नसताना काय करायचं याचे मार्ग बरेच आहेत, पण सगळे सारखे नाहीत. सगळ्यात उत्तम म्हणजे भिंतीत गुंडाळून ठेवलेली मोकळी वायर सापडणं, ती बऱ्याचदा निळी असते. केबल भोकातून हळूच इंचभर पुढे ओढून बघा. सापडली तर इकडचं टोक थर्मोस्टॅटच्या सीवर आणि तिकडचं टोक फर्नेसच्या बोर्डावरच्या सीवर. दुसरं टोक विसरणारे बरेच असतात, आणि मग नवा थर्मोस्टॅट खराब निघाला म्हणून दुकानात परत जातो.

मोकळी वायर नसेल आणि चार वायरी असतील तर इकोबीच्या बऱ्याच मॉडेलसोबत येणारी पॉवर एक्स्टेंडर किट हा चांगला तोडगा आहे. छोटी डबी फर्नेसच्या आत बसते आणि चार वायरींवर पाच वायरींचं काम भागवते. दोन वायरींच्या बॉयलरला मात्र ती चालत नाही. नेस्टसाठी असंच काम करणारा पॉवर कनेक्टर मिळतो, तो वेगळा विकत घ्यावा लागतो. जीची वायर काढून सीला लावण्याची युक्तीही लोक सांगतात. ती चालते, पण मग नुसता पंखा फिरवता येत नाही, आणि एसीबरोबर पंखा सुरू व्हावा म्हणून फर्नेसच्या बाजूला वाय आणि जीमध्ये जम्पर (दोन टोकं जोडणारा वायरचा तुकडा) टाकावा लागतो. मला हा उपाय आवडत नाही. पुढे घर घेणाऱ्याला त्याचा काही पत्ता लागत नाही. भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायचा 24 व्होल्टचा अडॅप्टर वीसेक डॉलरला मिळतो. बॉयलरवाल्यांना तोच सोपा पडतो, फक्त भिंतीवरून लोंबणारी वायर डोळ्यांना सहन झाली पाहिजे. शेवटचा मार्ग टेक्निशियनकडून 18 गेजची पाच किंवा आठ तारांची नवी केबल ओढून घेण्याचा. थर्मोस्टॅट बेसमेंटच्या बरोबर वर असेल तर हे काम किरकोळ आहे; दुसऱ्या मजल्यावर असेल तर मजुरीच थर्मोस्टॅटपेक्षा महाग पडू शकते.

"आमचा सी-वायरशिवाय चालतो" असंही पाकिटावर लिहिलेलं असतं. 2020 मध्ये आलेला साधा नेस्ट दोन ट्रिपल-ए सेल घेतो. नेस्ट लर्निंगमध्ये आतली बॅटरी असते आणि ती हीटिंग-कूलिंगच्या वायरींतून थोडी थोडी वीज उचलून चार्ज होते. बऱ्याच घरांत हे बिनबोभाट चालतं. काही फर्नेसना मात्र ही उचलेगिरी मानवत नाही: रिले (आतला विजेवर हलणारा स्विच) टकटक वाजत राहतो किंवा बॅटरी उतरते. महागडी वस्तू घेताच आहात तर सी-वायर द्या आणि विषय संपवा.

पैसे खरंच वाचतात का?

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा आकडा प्रसिद्ध आहे: रोज आठ तास तापमान नेहमीपेक्षा 7 ते 10 अंश फॅरनहाइटने मागे घेतलं (हिवाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त) तर वर्षाच्या हीटिंग-कूलिंगच्या खर्चात 10 टक्क्यांपर्यंत बचत होते. यात स्मार्ट हा शब्द कुठेही नाही. तापमान माणसाने उतरवलं, सेलवरच्या डबीने उतरवलं की अडीचशे डॉलरच्या यंत्राने, गॅसच्या मीटरला ते कळत नाही.

मग स्मार्टचा फायदा काय? तो माणसाच्या आळसात आहे. एनर्जी स्टारने (ऊर्जा वाचवणाऱ्या उपकरणांना शिक्का देणारी अमेरिकन सरकारची योजना) 2009 संपताना साध्या प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅटना शिक्का देणं बंद केलं, कारण अपेक्षित बचत प्रत्यक्ष घरांत दिसत नव्हती. लोक प्रोग्रॅम करतच नव्हते. एकदा होल्ड (तेच तापमान धरून ठेवायचं बटण) दाबला की तो होल्डवरच. 2017 पासून शिक्का स्मार्ट थर्मोस्टॅटना मिळू लागला, तोही घराघरांतून आलेल्या आकड्यांच्या आधारावर, आणि त्यांची सरासरी बचत हीटिंग-कूलिंगच्या बिलाच्या सुमारे 8 टक्के सांगितली जाते. समजा तुमचं हे बिल वर्षाला 1,500 डॉलर आहे, तर 120 डॉलर. तुम्ही आधीच रोज रात्री 68 वरून 62 वर आणत असाल तर यातलं फारसं काही तुमच्या वाट्याला येणार नाही.

दुसरा मुद्दा घरातल्या माणसांचा. दोघंही ऑफिसला आणि मुलं शाळेत, असं घर दिवसा आठ-नऊ तास रिकामं असतं. तिथे कुठलाही प्रोग्रॅम पैसे वाचवतो. पण एक जण घरून काम करतोय आणि पुण्याहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत, तर दिवसा तापमान उतरवायला वावच नाही. उलट बाबा वरच्या बेडरूममध्ये दोन स्वेटर घालून बसलेले आणि थर्मोस्टॅट खालच्या हॉलमध्ये, किचनच्या उबेत, सगळं आलबेल आहे असं समजून गप्प. इथे इकोबीचे किंवा नेस्टचे खोलीत ठेवायचे सेन्सर खरोखर उपयोगी पडतात, कारण दिवसभर त्या बेडरूमचं तापमान धरायला सांगता येतं. माझ्या मते स्मार्टवर जास्तीचे पैसे खर्च करण्याचं हे सगळ्यात पटणारं कारण आहे, बचतीपेक्षाही. (68 म्हणजे बरोबर 20 सेल्सिअस, हे आईंना एकदा सांगून ठेवा, नाहीतर आकडा वाढवतच जातात.)

| | सेलवरचा प्रोग्रॅमेबल | स्मार्ट |
|---|---|---|
| किंमत, ढोबळ | 30 ते 50 डॉलर | 130 ते 280 डॉलर |
| सी-वायर | नको | असलेली बरी, काहींना हवीच |
| दोन वायरींचा बॉयलर | सरळ बसतो | अडॅप्टर किंवा नवी केबल |
| खोल्यांचे सेन्सर | सहसा नाहीत | काही मॉडेलना |
| किती वर्षं साथ | बिघडेपर्यंत | कंपनी अ‍ॅप चालू ठेवील तोवर पूर्ण |

शेवटची ओळ गंमत म्हणून लिहिलेली नाही. नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांचा अ‍ॅपशी असलेला संबंध गूगलने 25 ऑक्टोबर 2025 रोजी तोडला. भिंतीवर ते अजून चालतात, पण फोनवरून हलत नाहीत.

वीज कंपन्या स्मार्ट थर्मोस्टॅटवर सूट देतात ती जरूर घ्या, पण सोबतची अट वाचा. काही योजनांत उन्हाळ्यात विजेची मागणी चढली की कंपनीला तुमचं तापमान दोन-चार अंश वर नेण्याची मुभा असते. जून 2021 मध्ये टेक्ससमधल्या लोकांना घर अचानक गरम का झालं ते नंतर कळलं. सही त्यांनीच केली होती.

डिसेंबरची भारतवारी

इथे दोन्हींचा खरा कस लागतो. चार आठवडे घर बंद, बाहेर शून्य सेल्सिअसखाली तापमान. हीटिंग पूर्ण बंद करायचं नाही. 55 अंश फॅरनहाइटवर होल्ड ठेवायचा, म्हणजे पाइप गोठत नाहीत, आणि पाण्याचा मुख्य कॉक बंद करायचा. सेलवरचा थर्मोस्टॅट असेल तर निघण्याआधी नवे सेल घाला. सेल मेले की फर्नेसला सांगणारं कोणी उरत नाही, आणि ते तुम्हाला नाशिकमध्ये बसून कळणारही नाही. स्मार्टवर तापमान घसरल्याची सूचना फोनवर येते. वायफाय गेलं तर सूचना येत नाही, पण ठरवलेलं तापमान तो तरीही राखतो. एक मजेशीर घोळ मात्र टाळा: घर रिकामं आहे की नाही हे फोनच्या ठिकाणावरून ओळखण्याची सोय एकाच फोनला जोडलेली असेल आणि तो फोनवाला एकटाच भारतात गेला, तर मागे राहिलेली बायको-मुलं गारठतात.

स्वतः बसवायचा की माणूस बोलवायचा?

गॅस फर्नेस, सेंट्रल एसी, चार-पाच वायरी आणि स्पष्ट अक्षरं असतील तर स्वतः बसवा. तासाभराचं काम आहे. जुन्या अक्षराची वायर नव्या त्याच अक्षरावर, भिंतीतलं भोक पुट्टीने बंद (आतून येणारी गार हवा सेन्सरला फसवते), मग वीज चालू. वीज चालू असताना आर आणि सी एकमेकांना चिकटले तर बोर्डावरचा फ्यूज उडतो. तो गाडीतलाच असतो, जांभळा 3 अँपिअरचा किंवा फिकट तपकिरी 5 अँपिअरचा, आणि गाडीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. काही जुन्या फर्नेसना फ्यूजच नसतो, तिथे थेट ट्रान्सफॉर्मर जळतो. सगळं बरोबर करूनही काहीच सुरू झालं नाही तर फर्नेसचं दार बघा. त्याच्यामागे एक सेफ्टी स्विच असतो आणि दार नीट बसलं नाही तर तो वीज जाऊ देत नाही. टेक्निशियनला भेटीचे पैसे देण्याआधी हे तपासलेलं बरं.

हीट पंप (एकाच यंत्रातून घर गरम आणि थंड करणारी यंत्रणा) असेल तर मी माणूस बोलवीन. तिथे ओबी नावाची आणखी एक वायर येते, जी यंत्राला थंड आणि गरम यांत उलटवते. बहुतेक कंपन्यांमध्ये ती कूलिंगला चालू होते, रीम आणि रूडमध्ये हीटिंगला. सेटिंग उलटं पडलं तर जानेवारीत गार वारा. शिवाय हीट पंपाला रात्री आठ अंशांनी उतरवून सकाळी घाईने चढवायला लावलं तर जोडीच्या, जास्त वीज खाणाऱ्या इलेक्ट्रिक पट्ट्या पेटतात आणि वाचवलेलं सगळं बिलात परत जातं. तिथे दोन-तीन अंशांचाच फरक ठेवावा, किंवा त्या पट्ट्या कधी लागाव्यात हे ठरवू देणारा थर्मोस्टॅट घ्यावा. कॅरियर कंपनीच्या इन्फिनिटीसारखी ए-बी-सी-डी अक्षरांची यंत्रणा दिसली तर नेस्ट-इकोबीचा विचारच सोडा. ती आपल्याच कंपनीच्या थर्मोस्टॅटशी बोलते. बॉयलर आणि एसी वेगवेगळे असतील तर आरसी आणि आरएच अशा दोन वायरी दोन ट्रान्सफॉर्मरवरून येतात. त्यांच्यामध्ये जम्पर राहता कामा नये, आणि दोन्ही स्वतंत्र घेणारंच मॉडेल लागतं.

बसवून झाल्यावर हीटिंग लगेच तपासा. एसी हिवाळ्यात तपासू नका. बाहेर 60 अंशांच्या खाली असताना कॉम्प्रेसर चालवणं त्याला घातक असतं, तेव्हा ते एप्रिल-मेवर ठेवा. आणि काढलेला जुना थर्मोस्टॅट हनीवेलचा गोल, 1953 पासून घरोघरी लागलेला तो असेल, तर त्याच्या काचेच्या नळीत पारा असू शकतो. तो कचऱ्यात टाकायचा नाही. काउंटीच्या घातक कचऱ्याच्या दिवशी नेऊन द्यायचा, किंवा हीटिंगचं सामान विकणाऱ्या ठोक दुकानात विचारायचं, तिथे बऱ्याचदा त्यासाठी डबा ठेवलेला असतो.